शुश्रूषागृहाची पारख

वृद्ध माणसाचें खुब्याचें हाड मोडलें कीं अमेरिकेंतील रुग्णालय त्याजवर शस्त्रक्रिया करतें आणि चार-पांच दिवसांत त्याला डिस्चार्ज देण्याच्या तयारीला लागतें. रुग्णाला अजून आधारावांचून उभें राहतां येत नसतें. घरीं त्याला उठवून न्हाणीघरापर्यंत नेणारें कोणी नसतें. अशा वेळीं रुग्णालयांतील एक अधिकारी आप्तांच्या हातीं आसपासच्या संस्थांची यादी ठेवतो, आणि उद्यांपर्यंत एक निवडा म्हणून सांगतो. ह्या संस्थांना तिकडे ‘नर्सिंग अँड रिहॅबिलिटेशन’ संस्था म्हणतात. जीं माणसें राहतें घर घेतांना सहा महिने हिंडतात, त्यांना आईला ठेवण्याची जागा एका दुपारांत ठरवावी लागते. ती दुपार उजाडण्यापूर्वींच पारख कशी करावी हें ठाऊक असलें, तर त्या घाईंतहि कांहीं हातीं लागतें.

श्रोत्यांना हा प्रश्न दूरदेशचा वाटूं नये. १९६५ सालच्या जुलैंत अध्यक्ष जॉन्सन यांनीं वृद्धांच्या वैद्यकीय खर्चासाठीं ‘मेडिकेअर’ व गरिबांच्या खर्चासाठीं ‘मेडिकेड’ ह्या दोन योजनांच्या कायद्यावर सही केली. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत परदेशीय लोकांस प्रवेश देण्याचा नवा कायदाहि त्यांच्याच सहीनें झाला. ह्या दुसऱ्या कायद्यानें उघडलेल्या दारांतून जे मराठी डॉक्टर, इंजिनियर व प्राध्यापक पंचविशी-तिशींत तिकडे गेले, ते आज पहिल्या कायद्याच्या आश्रयाला आले आहेत. पुण्या-मुंबईच्या आणि नागपूर-कोल्हापूरच्या किती तरी घरांतील थोरला भाऊ किंवा मावशी आज त्या वयांत आहे.

प्रथम शब्दाचा घोटाळा दूर केला पाहिजे. आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हटलें म्हणजे एखाद्या डॉक्टरांचें दहा-वीस खाटांचें खाजगी रुग्णालय डोळ्यांपुढें येतें. मुंबई प्रांतांत १९४९ सालीं झालेला शुश्रूषागृह नोंदणी कायदा, जो आज महाराष्ट्राच्या नांवानें चालू आहे, तो मुख्यतः अशाच संस्थांसाठीं आहे. अमेरिकेंतील शुश्रूषागृह ही चीज वेगळी. तेथें अशीं सुमारे १५,००० गृहें असून त्यांत सुमारे १२ लाख माणसें राहतात. एकाच छपराखालीं दोन प्रकारचे रहिवासी असतात. कांहींजण शस्त्रक्रियेनंतर किंवा अर्धांगवायूच्या झटक्यानंतर पुन्हां चालावयास शिकून घरीं जाण्यासाठीं आलेले असतात. बाकीचे पुष्कळसे मरेपर्यंत तेथेंच राहणार असतात.

पहिल्यांचा खर्च बहुधा मेडिकेअर सोसते. मूळ मेडिकेअरचा नियम असा कीं रुग्ण आधीं निदान तीन दिवस रुग्णालयांत दाखल असला पाहिजे. मग पहिल्या २० दिवसांचा खर्च पुरा मिळतो, २१ व्या दिवसापासून रोज ठराविक रक्कम स्वतः भरावी लागते आणि १०० दिवसांनंतर मदत थांबते. ह्यांत एक खोंच आहे. केवळ निरीक्षणाखालीं ठेवल्याचे दिवस त्या तिनांत धरीत नाहींत, मग खाट तीच असो आणि डॉक्टरहि तोच असो! दुसऱ्या प्रकारच्या रहिवाशांपैकीं निम्म्याहून अधिकांचा खर्च मेडिकेड देते, आणि त्याचा दर मेडिकेअरहून कमी असतो. तेव्हां पहिल्या प्रकारच्या रहिवाशांकडे चालकांचा ओढा अधिक असल्यास नवल नाहीं. पाहुण्यांना दाखविण्यांत येणारी व्यायामशाळा इमारतीच्या दर्शनी भागांत असते. मागल्या बोळांतील खोल्या सहसा दाखवीत नाहींत. एकच संस्था एका प्रकारच्या रहिवाशांना उत्तम आणि दुसऱ्यांना सामान्य असूं शकते. आपलें माणूस कोणत्या प्रकारांत मोडतें हें आधीं ठरवावें, आणि पहिल्या प्रकारचें माणूस दुसऱ्यांत जाण्याचा संभव असतो हेंहि विसरूं नये.

पुनर्वसन ह्या शब्दाचा खरा अर्थ इंग्लंडांत एका डॉक्टरबाईनें दाखवून दिला. १९३५ सालीं लंडनच्या पश्चिमेकडील वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयांत मार्जरी वॉरन यांच्याकडे शेजारच्या गरीबखान्यांतील ७१४ रोगी सोपविण्यांत आले. हे रोगी असाध्य म्हणून अंथरुणांत टाकून दिलेले होते. बाईंनीं एकेकाची नीट तपासणी केली, तेव्हां पुष्कळांना रोगापेक्षां अंथरुणानेंच पंगु केलें आहे असें दिसून आलें. त्यांनीं माणसें निवडून वेगळीं केलीं, त्यांना उठविलें, बसविलें, चालविलें; आणि कित्येक आपल्या पायांनीं घरीं गेले. शुश्रूषेचें यश कशावर मोजावें ह्या प्रश्नाचें उत्तर येथून सुरू होतें: महिन्यापूर्वीं जें माणूस आपल्या हातानें चमचा धरीत होतें, तें आज धरतें कीं नाहीं?

ह्या मोजमापाला शास्त्रीय मांडणी १९६६ सालीं मिळाली. ॲव्हेडिस डोनाबेडियन ह्या बैरूत येथें जन्मलेल्या आर्मेनियन वंशाच्या डॉक्टरांनीं असें प्रतिपादन केलें कीं वैद्यकीय सेवेचा दर्जा रचना, क्रिया व परिणाम ह्या तीन अंगांनीं पाहावा. शाळेचें उदाहरण घेतलें तर इमारत व शिक्षकांची संख्या ही रचना, वर्गांत होणारें शिकविणें ही क्रिया, आणि मुलांच्या अंगीं काय आलें हा परिणाम. रचना सहज दिसते, म्हणून लोक तिलाच भुलतात. दिवाणखान्यांतील झुंबर व मत्स्यपेटी ही रचना झाली. रात्रीं दोन वाजतां मागल्या खोलींतील आजोबांची कूस कोण बदलतें, ही क्रिया पाहावयास तेथें कोणी पाहुणा नसतो.

अमेरिकन सरकारनें ह्या बाबतींत केलेली खटपट जाणून घेण्यासारखी आहे. १९८६ सालीं तेथील ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ ह्या संस्थेनें शुश्रूषागृहांच्या दुःस्थितीचा अहवाल प्रसिद्ध केला, आणि १९८७ च्या डिसेंबरांत त्या धोरणाचा कायदा झाला. प्रत्येक रहिवाशाला त्याच्या प्रकृतीला शक्य असेल त्या उच्चतम अवस्थेंत ठेवणें हें संस्थेचें कर्तव्य ठरलें. सोयीसाठीं माणसाला खुर्चीला किंवा खाटेला बांधून ठेवण्यास मनाई झाली. मदतनीसांना निदान ७५ तासांचें शिक्षण आवश्यक झालें. तपासणी आगाऊ सूचना न देतां करावी व दोन तपासण्यांत १५ महिन्यांहून अधिक अंतर पडूं नये, असाहि नियम झाला. १९९८ पासून प्रत्येक गृहाची माहिती सरकारी संकेतस्थळावर कोणालाहि पाहतां येऊं लागली, आणि २००८ च्या डिसेंबरांत तिला एकापासून पांचांपर्यंत तारे जोडण्यांत आले.

तारे पाहिले कीं माणसाला हायसें वाटतें. परंतु ते कसे देतात हें थोडक्यांत समजून घ्यावें. सरकारी तपासणी, नोकरवर्ग आणि रहिवाशांच्या प्रकृतीचे आंकडे अशीं तीन खातीं असतात. तपासणीच्या खात्यांत प्रत्येक राज्यांतील वरच्या १० टक्के संस्थांना पांच तारे मिळतात, तळच्या २० टक्क्यांना एक, आणि मधल्या ७० टक्क्यांत दोन, तीन व चार तारे सारखे वांटले जातात. म्हणजे हा वर्गांतील नंबर आहे, मिळविलेले मार्क नव्हेत. ढिल्या वर्गांतील पहिला आणि हुशार वर्गांतील पहिला ह्यांत जें अंतर असतें, तेंच दोन राज्यांतील पंचतारांकित गृहांत असूं शकतें. पुढें नोकरवर्ग व प्रकृतीचे आंकडे ह्या दोन खात्यांसाठीं एकेक तारा वाढतो किंवा घटतो. तेव्हां तपासणींत तिनांवर राहिलेली संस्था एकूण ताऱ्यांत पांचांवर जाऊं शकते. २०२० च्या फेब्रुवारींत वॉशिंग्टन राज्यांतील कर्कलंड येथील ज्या गृहांत करोनाचा पहिला मोठा उद्रेक झाला, त्याच्या नांवापुढें त्या वेळीं पांच तारे होते.

तिन्ही खात्यांत सर्वांत कच्चें खातें प्रकृतीच्या आंकड्यांचें. त्यांतील पुष्कळशी माहिती संस्था स्वतःच भरून देते. परीक्षार्थ्यानेंच आपली उत्तरपत्रिका तपासावी तशांतला हा प्रकार. शिकागो विद्यापीठांतील संशोधकांनीं रुग्णालयांच्या बिलांशीं ह्या नोंदी ताडून पाहिल्या. पडून गंभीर इजा झाल्यामुळें रुग्णालयांत न्यावें लागलेल्या रहिवाशांपैकीं सुमारे ५८ टक्क्यांचीच नोंद गृहांनीं केलेली आढळली. हें संशोधन २०२० सालीं प्रसिद्ध झालें. औषधांची गोष्ट ह्याहून खेदकारक आहे. स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांना शांत बसविण्यासाठीं मानसविकारांवरील गुंगी आणणारीं औषधें देणें घातक, म्हणून तीं किती जणांना दिलीं ह्याचा आंकडा प्रसिद्ध होतो. मात्र स्किझोफ्रेनिया असलेले रुग्ण त्यांतून वगळतात. मग ऐंशींव्या वर्षीं अचानक स्किझोफ्रेनिया जडलेले वृद्ध कागदोपत्रीं दिसूं लागले! ही युक्ति २०२१ सालीं वृत्तपत्रांनीं उघडकीस आणली, आणि २०२३ पासून सरकारनें अशा निदानांची फेरतपासणी सुरू केली.

म्हणून ताऱ्यांची बेरीज बाजूस ठेवून तपासणीचा मूळ अहवाल वाचावा. तो संकेतस्थळावर असतो, आणि गृहांतहि कोणालाहि वाचतां येईल असा ठेवणें बंधनकारक आहे. प्रत्येक दोषापुढें ‘ए’ पासून ‘एल’ पर्यंत एक अक्षर असतें. ‘एफ’ पर्यंतच्या दोषांत प्रत्यक्ष इजा झालेली नसते. ‘जी’ पासून ‘आय’ पर्यंत कोणा तरी माणसाला खरोखर इजा झालेली असते. ‘जे’, ‘के’ व ‘एल’ म्हणजे जिवाला तात्काळ धोका. स्वयंपाकघरांतील शीतपेटीचें तपमान लिहून ठेवलें नाहीं अशा पांच दोषांपेक्षां ‘जी’ अक्षराचा एक दोष अधिक बोलका आहे. तक्रारीवरून झालेल्या तपासण्या अवश्य पाहाव्या, आणि तोच दोष पुन्हां पुन्हां येतो काय हें पाहावें. मालकी केव्हां बदलली हेंहि तेथें दिसतें. बहुतेक गृहें नफ्यासाठीं चालविलेलीं असतात, आणि जुना अहवाल जुन्या मालकाचा असूं शकतो.

नोकरवर्गाचें खातें पूर्वीं असेंच भोंगळ होतें. २०१६ पासून मात्र संस्थांना पगारपत्रकावरून दर दिवसाचे तास कळवावे लागतात, आणि पगार देणारा माणूस तास मोजण्यांत चुकत नाहीं. ह्या आंकड्यांतून दोन गोष्टी बाहेर पडल्या. शनिवार-रविवारीं माणसें बरींच कमी असतात. आणि वार्षिक तपासणीच्या सुमारास तीं वाढतात व तपासनीस गेल्यावर पुन्हां घटतात. डेप्युटीसाहेब येणार म्हणून भिंतींना चुना देणारी शाळा ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना ह्यांत नवें कांहींच वाटणार नाहीं. फरक इतकाच कीं येथें तपासणी अकस्मात् म्हणवली जाते.

तासांचें महत्त्व साध्या त्रैराशिकानें कळतें. २००१ सालच्या सरकारी अभ्यासांत असें दिसलें कीं दीर्घकाळ राहणाऱ्या माणसामागें चोवीस तासांत एकूण ४.१ तास शुश्रूषा हवी, आणि त्यांपैकीं २.८ तास, म्हणजे २ तास ४८ मिनिटें, मदतनीसांचीं असावीं. त्याहून कमी झालीं कीं दर्जा ढांसळतो. २०२४ सालीं सरकारनें ३.४८ तासांची किमान मर्यादा घालणारा नियम केला, पण २०२५ सालीं न्यायालयानें तो उडविला, आणि त्याच वर्षीं झालेल्या एका कायद्यानें त्याची अंमलबजावणी २०३४ पर्यंत थोपविली. आतां दिवसपाळीची एक मदतनीस बाई घ्या. तिचे आठ तास म्हणजे ४८० मिनिटें. तिच्याकडे दहा रहिवासी असले तर प्रत्येकाच्या वांट्याला ४८ मिनिटें येतात. तेवढ्यांत त्याला उठविणें, स्नान, कपडे, शौचास नेणें, दोन जेवणें. ज्याला घांस गिळावयास वेळ लागतो अशा वृद्धाला एका जेवणास अर्धा तास सहज लागतो. दोन जेवणांतच त्याचा वांटा संपून वर बारा मिनिटें कर्ज होतें. पंधरा रहिवासी असले तर वांटा ३२ मिनिटांवर येतो. हें कर्ज कोणाच्या वांट्यांतून फिटतें? जो घंटा वाजवतो, ज्याची मुलगी रोज येऊन बसते, त्याच्या वांट्यांतून फारसें नाहीं. ज्याला घंटेचें बटण कोठें आहे हेंच समजत नाहीं, आणि ज्याच्याकडे महिन्यांत कोणी फिरकत नाहीं, त्याच्या वांट्यांतून.

तेव्हां शुश्रूषागृह पाहावयास गेल्यावर नजर ठेवावयाची ती ह्या माणसावर. चालकीणबाई गोड बोलून व्यायामशाळा दाखवतील, ती पाहावी, आभार मानावे, आणि रविवारीं संध्याकाळीं जेवणाच्या वेळीं पुन्हां यावें. भोजनगृहांत ज्यांना भरवावें लागतें त्यांच्यापुढील ताटें निवून गेलीं आहेत काय? भरविणारी बाई बसून भरवते कीं उभ्यानें, एका हातानें दोघांना? पाण्याचा पेला खाटेवरील माणसाच्या हाताला लागेल असा आहे, कीं खोलीच्या दुसऱ्या टोकाला स्वच्छ झांकून ठेवलेला आहे? दारावरील दिवा लागून किती मिनिटें झालीं? पाळींत किती परिचारिका व किती मदतनीस आहेत ह्याचा फलक रोज लावणें कायद्यानें आवश्यक आहे; तो वाचून डोळ्यांना दिसणाऱ्या माणसांशीं ताडून पाहावा. वासावरून मात्र घाईनें मत बनवूं नये. एखाद्या दारापाशीं क्षणभर लघवीचा वास आला तर त्या क्षणीं कोणाची तरी चादर बदलावयाची आहे एवढाच त्याचा अर्थ. सगळ्या बोळांत तो मुरलेला असला, किंवा त्यावर अत्तराचा मारा केलेला असला, तर गोष्ट निराळी.

मदतनीस बाईला दोन प्रश्न विचारावे: येथें किती दिवस झाले, आणि आज तुमच्याकडे किती जण आहेत? तीच बाई वर्षभर त्याच रहिवाशांकडे असली तर न बोलणाऱ्या माणसाचें कपाळ आक्रसलें म्हणजे त्याचें काय दुखतें हें तिला कळतें. दर महिन्याला नवी बाई येत असली तर तें कोणालाच कळत नाहीं. नोकर सोडून जाण्याचें प्रमाण २०२२ पासून सरकारी संकेतस्थळावर देतात. तें ताऱ्यांच्या आधीं पाहावें.

शय्याव्रणाविषयीं थोडें सविस्तर सांगितलें पाहिजे. माणूस एका कुशीवर पडून राहिला कीं माकडहाड, टांचा व खुबे येथील कातडी हाड आणि गादी ह्यांमध्यें चेंपली जाते व तेथील रक्तप्रवाह थांबतो. कांहीं तासांतच लाल चट्टा उमटतो. बोटानें दाबून तो पांढरा होत नसला तर इजा सुरू झाली असें समजावें. पुढें कातडी फुटते, आणि व्रण खोल जात हाडापर्यंत पोहोंचतो. दर दोन तासांच्या सुमारास कूस बदलणें, अंग कोरडें ठेवणें, पुरेसें अन्न देणें, ह्यानें बहुतेक व्रण टळतात. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनीं एकोणिसाव्या शतकांतच शय्याव्रण हे रोगापेक्षां शुश्रूषेच्या नांवावर मांडले होते. आपल्या माणसाची पाठ व टांचा स्वतः पाहाव्या, त्यांत संकोच करूं नये. आणि बोळांतून जातांना उघड्या दारांतून जें माणूस एक वाजतां ज्या कुशीवर दिसलें, तें तीन वाजतां त्याच कुशीवर आहे काय, एवढें लक्षांत ठेवावें.

मराठी माणसाच्या बाबतींत एक अडचण अधिक आहे. स्मृतिभ्रंशांत मागाहून शिकलेली भाषा पुष्कळदां आधीं जाते. चाळीस वर्षें इंग्रजींत व्याख्यानें दिलेला प्राध्यापक एके दिवशीं फक्त मराठींत पाणी मागूं लागतो, आणि नोंदवहींत ‘अस्वस्थ आहे, असंबद्ध बडबडतो’ असा शेरा पडतो. त्या शेऱ्यापासून गुंगीच्या गोळीपर्यंतचें अंतर फार नसतें. जन्मभर शाकाहारी असलेल्या बाईंनीं ताट परत लोटलें तर ‘अन्न घेत नाहीं’ अशी नोंद होते, आणि वजन उतरूं लागतें. जवळपास दोन गृहें सारख्या दर्जाचीं असतील तर जेथें रोज कोणी आपलें माणूस जाऊं शकेल तें निवडावें, मग तेथें एक तारा कमी असला तरी चालेल.

महाराष्ट्रांतहि आतां दीर्घकाळ शुश्रूषा करणाऱ्या खाजगी संस्था शहरोशहरीं निघत आहेत. त्यांच्यासाठीं अमेरिकेसारखा दर दिवसाच्या तासांचा सार्वजनिक हिशेब उपलब्ध नाहीं. तेव्हां येथें रविवारची संध्याकाळ आणि पाण्याचा पेला ह्यांवरच अधिक विसंबावें लागतें.

निवड झाली म्हणजे काम संपलें असें नाहीं. अमेरिकन नियमाप्रमाणें प्रवेशापासून ४८ तासांत शुश्रूषेचा प्राथमिक आराखडा तयार व्हावा लागतो, १४ दिवसांत संपूर्ण तपासणी, आणि त्यानंतर ७ दिवसांत सविस्तर आराखडा. तो ठरविणाऱ्या बैठकीस रहिवाशाला व त्याच्या संमतीनें आप्तांना बसण्याचा हक्क आहे. पुष्कळ लोक तो वापरीतच नाहींत. तक्रार करावयाची झाल्यास प्रत्येक राज्यांत ‘ओम्बड्समन’ हा अधिकारी नेमलेला असतो, त्याचा पत्ता गृहांतील फलकावर असतो. रहिवाशाला समजेल त्या भाषेंत त्याच्या प्रकृतीची माहिती देणेंहि संस्थेवर बंधनकारक आहे. पहिल्या ४८ तासांतच चष्मा, कवळी व श्रवणयंत्र आराखड्यांत लिहवून घ्यावें, प्रवेशाच्या दिवशींचें वजन टिपून घ्यावें, आणि एका जाड कागदावर ‘पाणी’, ‘दुखतं’, ‘थंडी वाजते’, ‘संडासला जायचंय’, ‘नको’ असे दहा-बारा शब्द रोमन लिपींत, समोर इंग्रजी अर्थ देऊन, ठळक अक्षरांत लिहावे. तो कागद उशाच्या भिंतीवर, रात्रपाळीच्या बाईला दिव्याशिवायहि दिसेल अशा ठिकाणीं लावावा.